दिवस बुडू दे

टाच ओली झाली आणि मी तिथंच थांबले. गुरुवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. मशीनवर कुणाच्या तरी लग्नाच्या ब्लाउजला अस्तर लावत होते, चहाची तल्लफ आली म्हणून उठले, आणि मामीजींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खोलीच्या उंबऱ्याशी अनवाणी पाय ओल्यात पडला. कोमट होतं. पाण्याची बाटली सांडली असती तर गार लागलं असतं. तोंडात जे यायचं तेच आलं, "मेल्या ब्रूनो!" आणि मी मान वळवून हॉलच्या कोपऱ्यात पाहिलं. ब्रूनो पिंजऱ्यात होता. दीड वाजता मीच त्याला फाटकाबाहेर नेऊन आणलं होतं, मीच आत घातलं होतं, मीच कडी लावली होती, आणि ती कडी जशीच्या तशी लागलेली होती. पंज्यांवर हनुवटी टेकून तो माझ्याकडे बघत होता. शिवी ऐकून त्यानं कान तेवढे मागे घेतले. खोलीतून मामीजींचा आवाज आला, "तुह्या बुरन्यानं केलं पाह्य. आत्ताच येऊन गेला मेला. मी हाड म्हटलं त पळाला." मी पुन्हा एकदा कडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हौ मामीजी, पुसते."

हे 'हौ' मी का म्हटलं ते मला पुसता पुसताच कळलं. दया वगैरे काही आली नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू. मला आनंद झाला. तीस वर्षांत या बाईचं काही म्हणून माझ्या हाती लागलं नव्हतं. रुख्माबाई, माझी सासू, वारासिवनीच्या पुढच्या आमच्या गावात जिला विचारल्याशिवाय एकाही घरची नवी सून विहिरीवर जात नसे. वय ऐंशी, गुडघे गेलेले, म्हणून दोन वर्षांपूर्वी हेमराजनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला इथं बालाघाटला आणलं. अजूनही पदर डोक्यावरून ढळू देत नाही. अजूनही माझ्या वरणात मीठ कमी असतं. आणि आता तिला संडासापर्यंत पोचवत नाही, आणि ती कुत्र्यावर घालते. पोछा पिळताना मी चक्क हसले. हसू दाबायला पदर तोंडात घ्यावा लागला.

कुत्रं लोकेशचं. लोकेश म्हणजे आमचा एकुलता एक, पुण्याला कंपनीत. त्यानं हौसेनं पॉमेरियन म्हणून आणलेलं आणि मोठं होता होता अर्धं गावठी निघालेलं हे ध्यान. नव्या फ्लॅटवाल्यानं कुत्रं चालणार नाही म्हटल्यावर दिवाळीत तो ते इथं घेऊन आला, सोबत लोखंडी जाळीचा घडीचा पिंजरा. तेव्हा ब्रूनोला बाहेर जाऊन करायची जराही सवय नव्हती. हॉल, स्वयंपाकघर, माझ्या मशीनचा पाय, हेमराजच्या ऑफिसच्या चपला, काही म्हणून सोडलं नाही त्यानं. लोकेश फोनवर शिकवायचा, तेही हिंदीत, कारण त्याला मराठी बोलायचं म्हटलं की अर्ध्यात अडकतो. "मम्मी, पिंजरा मत बोलो उसको, उसका घर है वो. सज़ा के लिए कभी बंद मत करना. खाना अंदर ही देना. रोये तो खोलना मत, चुप हो जाए तब खोलना. और खोलते ही सीधा बाहर." पिंजरा फार मोठा नको, उभं राहून वळता येईल एवढाच, नाही तर एका कोपऱ्यात झोपतो आणि दुसऱ्यात करतो. बाहेर केलं की लगेच, त्याच क्षणी, शाबास म्हणायचं आणि बिस्किटाचा तुकडा. आत केलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही, गुपचूप पुसायचं. मी म्हटलं, बाळा, तुला वाढवताना मला एवढे कायदे नव्हते.

पण मी केलं. माझा हट्ट आणि त्याचा हट्ट. सकाळी गोंदियाची गाडी जायच्या वेळेला, पुन्हा जेवण झाल्यावर, पुन्हा झोपून उठल्यावर, दिवसातून सहा-सात वेळा मी त्या गावठी जीवाला पट्टा लावून फाटकाबाहेर नालीपाशी उभी राहायची. तो वीस वीस मिनिटं जग बघायचा. डुक्कर बघ, ऑटो बघ, शेजारच्या दुर्गाबाईंचं वाळवण बघ. एक थेंब करायचा नाही. आत आणला, पट्टा सोडला, की हॉलच्या मधोमध, माझ्या डोळ्यांत डोळे घालून. पहिले आठ दिवस तो पिंजऱ्यात रडला आणि मी मशीनवर दात-ओठ खात बसले. मग एक दिवस तो रडायचा थांबला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा धरून ठेवलं. मी कडी काढली तर पळाला नाही, अंग आवळून, शेपूट खाली घालून, अगदी हळू हळू पावलं टाकत फाटकापर्यंत आला आणि नालीपाशी पाय उचलून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. डोळे मिटून. मी शाबास म्हणायचं विसरले. जनावर आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही म्हणून ते धरून ठेवतं, एवढीच सगळी विद्या. ते आवळलेलं अंग मला ओळखीचं वाटलं आणि पोटात, ओटीपोटात, तीस वर्षांपूर्वीची कळ आली. आठवण पोटात येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

माझे वडील गोंदियाला रेल्वेत. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, दाराला कडी असलेला संडास घरात. वारासिवनीपुढच्या त्या गावात लग्न होऊन आले तर कुणाच्याच घरी नाही. बाया पहाटे जायच्या आणि दिवस बुडाल्यावर जायच्या, धानाच्या बांधीपलीकडे, घोळक्यानं. मधल्या वेळेचं मधल्या वेळी बघायचं. आणि नव्या सुनेनं तर सव्वा महिना दिवसाउजेडी अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिसऱ्या दिवशी ओसरीवर पाहुणे बसले होते, गोडाचं जेवण होतं, मला सगळ्यांच्या पाया पडायला लावून आत बसवलं होतं, आणि मला लागली. अकरा वाजले असतील. मी मामीजींच्या कानाशी गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता पुरणाच्या गोळ्यावर हात फिरवत सांगितलं, "दिवस बुडू दे. नवी नवरी टमरेल घेऊन लोकाईच्या समोरून जाईन काय? रोकून धर थोडं. सवय होते." एक वाजता पुन्हा गेले. "सवय होते म्हटलं नं." दोन वाजता मला पायांवर उभं राहवेना. कोठीघरात धानाची पोती होती, मी दोन पोत्यांच्या मधे शिरले, भिंतीला डोकं टेकलं, आणि झालं. उभ्या उभ्या. लग्नाची साडी. सुटल्याचं सुख आणि मेल्याहून मेल्याची लाज दोन्ही एकदम, त्यात सुख थोडं जास्तच होतं, त्याचीही लाज.

वास लपत नाही. संध्याकाळी मामीजी कोठीत शिरल्या, मागून दोन नणंदा, एक चुलतसासू. पोतं ओलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "मांजर आलती." घरात एक मांजर होती, करडी, माळ्यावर तिची पिल्लं. मामीजी दोन पावलं पुढं आल्या. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि मग एवढ्या मोठ्यानं की ओसरीवर ऐकू जावं, म्हणाल्या, "या मांजरीचं आता पाहतोच मी. धानावर मुतते सांडीन!" महागू म्हणून गडी होता. त्यानं मांजरीला पोत्यात घातलं आणि वैनगंगेपलीकडे सोडून आला. पिल्लं माळ्यावर दोन दिवस ओरडत होती. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. त्या दोन दिवसांत मी एकदाही तोंड उघडलं नाही. पण, आणि हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही, त्या दोन दिवसांच्या तळाशी माझ्या मनात एक बारीकशी फुशारकीही होती. मी हिला फसवलं. एवढी गावाची पंचाईत करणारी बाई, आणि मांजर म्हटलं तर मांजर मानून बसली. तिच्या घरात मी त्यानंतर अठरा वर्षं राहिले, लोकेश तिथंच झाला, मीठ कमी, हात जड, माहेरचं वळण असलं कायकाय ऐकलं, आणि प्रत्येक वेळी आतल्या आत म्हणायची, बोल बाई, किती बोलायचं ते बोल, मांजर तर तुला कळली नाही. ओटीपोटात तेव्हापासून जे दुखणं बसलं ते बसलंच. डॉक्टर विचारतात, पाणी कमी पिता का? मी म्हणते, सवय आहे.

तर ब्रूनो शिकला होता. आणि पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा डाग दिसायला लागले होते, मामीजींच्या दाराशी, कधी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याला. मी काय केलं? लोकेशनं करू नको म्हणून बजावलं होतं ते सगळं केलं. ओरडले, मानगूट धरून त्याचं नाक त्या ओल्यात घासलं, दोन तासांचे पिंजऱ्यात चार तास केले. तो अंग टाकून द्यायचा आणि पोटावर सरपटत पिंजऱ्यात जायचा, आपणहून, न सांगता. मला वाटायचं मस्ती जिरली. त्या गुरुवारी पोछा पिळता पिळता हेही मनात आलं, पण ते मी बाजूला सारलं, मला त्या वेळी माझा आनंद पुरवून खायचा होता.

त्याच संध्याकाळी हेमराज ऑफिसातून आला आणि दारातच नाक मुरडलं. "हे काय वो? रविवारी लोक येऊन राह्यले घर पाहाले, अन् घरात हा वास?" लोकेशसाठी वारासिवनीची एक मुलगी सांगून आली होती, पौर्णिमा नावाची, तिचे काका-काकू यायचे होते. मामीजी पलंगावरून म्हणाल्या, "कुत्रंच घाण करून राह्यलं बाप्पा. या मंजूनं लाडावून ठेवलं." हेमराजनं लगेच फोन लावला. घनश्याम म्हणून त्याचा दोस्त उकव्याला खाणीत आहे, घराला लागून जंगल. फोन ठेवून हसत म्हणाला, "घेऊन जातो म्हणे रविवारी, दुपारच्या बसनं. त्याचे दोन कुत्रे बिबट्यानं नेले यावर्षी, तिसरा पाह्यजेच होता." मी पाहिलं तर ब्रूनो आपलं नाव आल्यासारखा जाळीला नाक लावून शेपूट हलवत होता.

अजी, ते कुत्र्यानं केलं नाही. हेमराजला म्हणायचं एवढं एकच वाक्य होतं. जिभेवर आलं होतं. ते गिळलं, कारण ते मला म्हणायचं नव्हतं, तिनं म्हणायला हवं होतं. शुक्रवार मी तिला दिला. शनिवार दिला. शनिवारी तिच्या पायांना तेल लावता लावता मी विषय काढला, "मामीजी, उद्या घनश्याम ब्रूनोले घेऊन जाईन. तिकडं बिबट हाय म्हणते." पाय तेवढा आखडला तिचा माझ्या हातात. मग म्हणाली, "जाऊ दे. जनावरच त हाय." मी तेलाची वाटी उचलली आणि बाहेर आले. मेडिकलमध्ये मोठ्या माणसांचे लंगोट मिळतात, मला माहीत होतं. दर दोन तासांनी हात धरून नेलं तर काही होत नाही, तेही माहीत होतं, मी एका कुत्र्याला तेच तर शिकवलं होतं. कुणाला न सांगता, कुणाची अब्रू न घालवता, सगळं निस्तरता आलं असतं. पण माझ्या डोक्यात माळ्यावरची पिल्लं ओरडत होती आणि सारखं एकच येत होतं, जनावरच तर आहे म्हणते, जनावरच तर आहे म्हणते.

रविवारी अकराला पाहुणे आले. काका राजेंद्र, शाळेत मास्तर, काकू, बारीक किनारीची साडी, सगळीकडे बारीक नजर. घनश्यामही येऊन बसला होता, एकची बस. मामीजींना नवं लुगडं नेसवून मी हॉलमध्ये आणलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर, सगळ्यांत मोठ्या म्हणून मधोमध. कोपऱ्यात पिंजरा. कडी मी दोनदा पाहिली. पोहे झाले, चहा झाला, लोकेशचं कौतुक झालं. मामीजी छान बोलत होत्या, घराणं, शेती, कोण कुठं दिलं. मी त्यांना दुसरा कप दिला. "घ्या ना मामीजी." त्यांनी घेतला, पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार. मग पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचं बोलणं तुटायला लागलं. हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले. मला खुणावलं. मी वाकले. "मंजू, मले मांगं ने." संडास अंगणात मागं, हॉलमधून सगळ्यांसमोरून, काठी टेकत जायचं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाले, "थांबा थोडं. पाहुणे बसले हायत नं. रोकून धरा. सवय होते."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. राग नव्हता त्या बघण्यात, मला तो हवा होता, नव्हता. मग मान खाली घालून त्या पाहुण्यांशी बोलायला लागल्या, म्हणजे बोलायचा प्रयत्न करायला लागल्या. त्यांचं अंग कसं आवळलं ते मला दिसत होतं, मला एकटीलाच, त्या अंगाची मला पुरी ओळख होती. अजून वेळ होता. एक हात पुढं केला असता तरी भागलं असतं. मी ट्रेमध्ये कप गोळा करत राहिले, एकात एक, सावकाश.

आवाज आधी आला. प्लास्टिकच्या खुर्चीखाली फरशीवर धार पडली, मग ती पसरत काकूंच्या चपलांपर्यंत गेली. काकूंनी पाय वर उचलले. हेमराज ताडकन उठला, "अरे हे कुत्रं साला..." आणि मामीजींच्या तोंडून, सवयीनं, बारीक, "बुरन्यानं..." सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. ब्रूनो जाळीमागे बसला होता, कान टवकारून. कुणी काही बोललं नसतं तर कदाचित तेवढ्यावर निभावलं असतं. पण घनश्याम साधा माणूस, त्याला काय माहीत, तो म्हणाला, "हे त बंद हाय, हेमराज भाऊ." राजेंद्र मास्तर रिकाम्या हाताकडे बघायला लागले, कप मी आधीच उचलला होता. हेमराजचा चेहरा त्याच्या आईकडे वळला आणि तिथंच राहिला. मामीजींनी डोक्यावरचा पदर ओढून तोंडापर्यंत घेतला. नव्या नवरीसारखा.

पाहुणे उठले. "कळवतो," म्हणाले. घनश्याम रिकाम्या पट्ट्याकडे बघत म्हणाला, "मंग कुत्रं?" हेमराज म्हणाला, "राहू दे," आणि अंगणात जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. मी जिंकले होते. ब्रूनो वाचला होता. मामीजींना धरून मी न्हाणीत नेलं, लुगडं सोडलं, कोमट पाणी घातलं. त्यांच्या मांड्या काड्यांसारख्या झाल्यात हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला काहीतरी म्हणायचं होतं, टोचणारं, इतकी वर्षं पाठ केलेलं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्याच बोलल्या, भिंतीकडे बघत.

"तुह्या साडीचा काठ ओला होता त्या दिवशी."

मी तांब्या धरून राहिले.

"मले मालूम होतं मांजर नोती म्हून. ओसरीवर बारा गावचे लोक बसले होते. तुह्या नणंदाइच्या तोंडाले झाकण नाई. म्हटलं, मांजर त मांजर. पाप लागन त मले लागन." पाणी ओघळत होतं, त्यांना हुडहुडी भरली होती. "मी तुले कोणाच्या समोर नाई आणलं, मंजू." मग एकदम रोजच्या आवाजात, "लुगडं दे वो. थंडी वाजून राह्यली."

मी लुगडं दिलं. निऱ्या घालून दिल्या, दोनदा घालाव्या लागल्या. खोलीत नेऊन निजवलं. मग हॉल पुसला, फिनाईल नाही, साबणाच्या पाण्यानं, लोकेशनं सांगितलं होतं तसा. ब्रूनोची कडी काढली. तो हळू हळू चालत फाटकाबाहेर आला, नालीपाशी लगेच पाय उचलला, आणि वळून माझ्याकडे पाहत राहिला. बिस्किट माझ्या मुठीत होतं. शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं, रस्त्यावर, दुर्गाबाई वाळवण उचलत होत्या त्यांच्यासमोर. त्या म्हणाल्या, "काय झालं वो, लोकेशच्या आई?" मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात गेलं काही.

चार वाजता मी त्यांच्या खोलीत गेले. दोन तास कधीच होऊन गेले होते. मी हात पुढं केला. "चला मामीजी, जाऊन येऊ." त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून. लागली होती त्यांना, पांघरुणावरून कळत होतं. "मामीजी, पाहुणे गेले, कोणी नाई आता पाहाले. चला नं." त्या हलल्या नाहीत. खिडकीतून पलंगावर ऊन पडलं होतं, चांगलं पिवळंधमक, दोन तास तरी जाणार नाही असं.

"दिवस बुडू दे," त्या म्हणाल्या.